गुरुवारची वही: घरगुती प्रार्थना सभा सुरू कशी करायची आणि टिकवायची कशी

आमच्या जालन्यात ख्रिस्ती घरांमधली प्रार्थना सभा सुरू करणं मुळीच अवघड नाही. चार घरी निरोप द्या, चर्चच्या पाळकसाहेबांना बोलवा, चहा-खारी ठेवा, पहिल्याच गुरुवारी वीस-पंचवीस माणसं सतरंजीवर मावत नाहीत. अवघड असतो तो पाचवा गुरुवार. त्या दिवशी पाऊस असतो, पाळकसाहेब परगावी असतात, पेटी वाजवणाऱ्याची रात्रपाळी असते आणि आलेली तीन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

मी अशा एका सभेत चौदा वर्षं बसतोय. एवढ्या काळात ती तीनदा बंद पडली आणि तीनदा पुन्हा उभी राहिली. कशामुळे पडली आणि कशाने उभी राहिली, ते सगळं इथे लिहितोय. जालन्यातलं शहरी चित्र डोळ्यांसमोर आहे. खेड्यातल्या मंडळींनी वार-वेळ आपापल्या सोयीने बदलून घ्यावी.

आधी: रविवार असताना गुरुवार कशाला?

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारणार, आणि तो चुकीचा नाही. रविवारी उपासना होते, वचन ऐकतो, प्रार्थना होते. पण तिथे प्रार्थना एक जण करतो आणि शंभर जण आमेन म्हणतात. मागच्या बाकावरच्या माणसाचा कारखान्यातला ठेका मागच्याच आठवड्यात संपलाय, हे त्या शंभरांपैकी किती जणांना ठाऊक असतं?

बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून बघा. दुसऱ्या अध्यायाच्या 42व्या वचनात पहिल्या मंडळीच्या, म्हणजे पहिल्या चर्चच्या, चार सवयी सांगितल्यात: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. चारही एकत्र करायच्या गोष्टी. बारावा अध्याय तर मला घरसभेचा अहवालच वाटतो. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, माणसं मार्कच्या आईच्या घरी रात्री प्रार्थनेला बसलीत. पेत्र सुटून दारात येतो, दार वाजवतो, दासी धावत आत येऊन सांगते, आणि प्रार्थना करणारी हीच माणसं तिला वेडी ठरवतात! ज्याच्यासाठी गुडघे टेकले तोच दारात उभा, आणि यांचा विश्वास बसत नाही. ‘माझा विश्वास एवढा मोठा नाही, मी सभेला येऊन काय करू’ असं म्हणणाऱ्याला मी हा अध्याय वाचून दाखवतो.

दुसरं कारण अनुभवाचं आहे. एखाद्याचं नाव घेऊन गुरुवारी प्रार्थना केली की शुक्रवारी तो माणूस बाजारात भेटतो. मग ‘काय झालं हो तुमच्या कामाचं’ असं विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्यातल्या एका दादाचं काम सुटलं होतं. तीन गुरुवार आम्ही त्याच्यासाठी मागितलं. चौथ्या आठवड्यात सभेतल्याच एकाने आपल्या रोलिंग मिलमधल्या मुकादमाकडे शब्द टाकला. उत्तर देवाने दिलं की मुकादमाने, यावर वाद घालणारे घालोत. आधीचे तीन गुरुवार झाले नसते तर चौथ्या आठवड्यात शब्द टाकायचं कोणाला सुचलंही नसतं, एवढं मला माहीत आहे.

पहिली पायरी: तीन माणसं शोधा

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दोघे-तिघे जमल्यावर काय होतं ते प्रभूने सांगितलंय. आपण मात्र कोरम पंचवीसचा धरतो.

न्यूयॉर्कमधल्या फुल्टन स्ट्रीटची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. जेरेमाया लॅनफियर नावाच्या गृहस्थाने 23 सप्टेंबर 1857 रोजी व्यापारी लोकांसाठी दुपारची प्रार्थना ठेवली. पहिला अर्धा तास तो एकटाच बसून होता. नंतर एकेक करत सहा जण आले. पुढच्या काही महिन्यांत त्याच शहरात रोज हजारो माणसं प्रार्थनेला जमू लागली. लोक ही गोष्ट त्या हजारांसाठी सांगतात. मला भावते ती तिथली शिस्त: कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही आणि पंथांमधले वादाचे मुद्दे काढायचे नाहीत. हे दोन नियम तिथे ठळक लिहून लावलेले असत. आपल्या सभेला याहून जास्त नियमावली लागत नाही.

तर तीन माणसं. एक घर उघडणारा, एक घड्याळ बघणारा, एक वही लिहिणारा. ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे देऊ नका. आमची सभा पहिल्यांदा बंद पडली ती यामुळेच. सगळं एका काकांवर होतं, त्यांची मुलगी बाळंतपणाला आली आणि सभा सव्वा महिना झालीच नाही.

पाळकसाहेबांना आधी जाऊन सांगा. परवानगी मागा असं म्हणत नाही, पण त्यांच्या कानावर तुमच्याच तोंडून जाऊ द्या. पाठीमागून सुरू झालेल्या सभेचा गट व्हायला वेळ लागत नाही, आणि गटाचं पुढे काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या मंडळीला विचारा.

गल्लीत वेगवेगळ्या मंडळ्यांची घरं असतील तर फुल्टन स्ट्रीटचा दुसरा नियम पाळा. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पण आपल्याकडे आजही एकाच रस्त्यावर सीएनआय, मेथॉडिस्ट, कॅथलिक आणि पेंटेकॉस्टल घरं शेजारी शेजारी असतात. बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून, हा विषय निघाला की तास संपला म्हणून समजा. आमच्याकडे हा विषय कोणी काढला तर वही लिहिणारी ताई पेनाने वहीवर टकटक करते. तेवढं पुरतं.

वार, वेळ आणि नळाचं पाणी

वार ठरवताना मंडळीचं कॅलेंडर बघाल, ते बघाच. पण त्याआधी नळाचं वेळापत्रक बघा. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते नेमकं कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि ज्या संध्याकाळी येतं त्या संध्याकाळी घरातली बाई सभेला येत नाही. येऊच शकत नाही. टाकी, पिंप, हंडे, कळशा भरून होईपर्यंत तिच्यासाठी दुसरं काही नसतं. आम्ही आधी वार बदलत बसायचो, त्याने गोंधळ वाढला. आता नियम असा की वार हलवायचा नाही, पाणी आलं तर सभा अर्धा तास उशिरा. आणि ज्यांचे हात मोकळे आहेत त्यांनी ज्या घरी म्हातारी माणसं आहेत तिथे आधी दोन हंडे भरून द्यायचे. काही गुरुवारी हीच आमची पहिली प्रार्थना असते.

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. कारखान्यात पाळ्या असतील तर त्या बघून वेळ ठरवा. आमच्याकडे साडेसात ते साडेआठ जमतं. खेड्यात जूनमध्ये पेरणी आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी असते, तेव्हा रात्री माणूस बसल्या जागी पेंगतो. त्या दोन महिन्यांत पहाटे अर्धा तास बसा किंवा सभा पंचवीस मिनिटांची करा. बंद मात्र करू नका. हंगामापुरती बंद केलेली सभा हंगामानंतर आपोआप सुरू होत नाही.

आणि साडेसात म्हणजे साडेसात. दोनच जण असतील तरी गीत सुरू करायचं. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात की वेळेवर येणाऱ्याला उशिरा यायला शिकवलंत.

घर पहिले तीन महिने एकच ठेवा. माणसांच्या पायांना वाट सवयीची झाली की मग फिरतं करा. फिरतं केल्यावर मात्र खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी घाला. हा धडा आम्हाला महाग पडला. पहिल्या घरी चहा झाला. दुसऱ्या घरी पोहे. तिसऱ्या घरी शिरा आणि भजी. चौथं घर रोजंदारीवर काम करणाऱ्या ताईंचं होतं. त्यांनी निरोप पाठवला, ‘पाहुणे आलेत, पुढच्या वेळी बघू.’ पुढच्या वेळी नवऱ्याला बरं नव्हतं. त्यापुढे त्या यायच्याच बंद झाल्या. कारण भजी होतं, हे आम्हाला कळायला दोन महिने लागले. आता तांब्याभर पाणी, बस्स. कोणी हट्टाने चहा ठेवलाच तर म्हातारे सोडून कोणी घेत नाही. घरातल्या बाईने सभेच्या तासात गॅसजवळ उभं न राहता सतरंजीवर बसावं, हा यातला दुसरा फायदा.

बसायला सतरंजी, गुडघेदुखीवाल्यांना दोन खुर्च्या. उन्हाळ्यात खोली भट्टी होते, तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात. स्पीकर लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा तो लावायला कायद्याने बंदी आहेच, पण संध्याकाळी साडेसातलाही पंधरा माणसांना स्पीकर कशाला हवा? शेजाऱ्यांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा की गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना असते, तासाभरात आटोपते. लपवाछपवी दिसली की शंका येते. खिडकी उघडी ठेवा. पैठण, नरसी, गंगाखेड, तेर, जांब या संतांच्या गावांच्या मुलखात संध्याकाळी घरातून टाळ ऐकू आला तर कोणाला नवल वाटत नाही. घरी बसून देवाचं नाव घेणं ही इथली जुनीच रीत आहे.

तासाची आखणी

आमचा तास साधारण असा जातो:

साडेसातला दोन गीतं. पेटी असेल तर उत्तम, नसेल तर टाळ्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग आणि कीर्तन मंडळीत आणलं, त्यामुळे ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक न वाचता येणारी आजीही दुसऱ्या कडव्यापासून साथ देते. नवीन गीत महिन्यातून एकच. मोबाईलवर शब्द शोधण्यात सभेची पाच मिनिटं जातात आणि मध्येच कोणाचा तरी व्हिडिओ वाजतो. आमच्याकडे दारातच एक टोपली असते, फोन त्यात.

सात-चाळीसला वचन. दहा मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. एकच पुस्तक घेऊन ओळीने जा. फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, अर्धा-अर्धा अध्याय घेतलात तर आठ गुरुवारांत संपतं. दोनदा वाचायचं, कारण सभेत वाचता न येणारी माणसं असतात आणि ती सांगत नाहीत. वाचून झाल्यावर एकच प्रश्न: ‘यातून आज आपण काय मागायचं?’ उपदेश नको. सभा दुसऱ्यांदा बंद पडली ती उपदेशामुळे. दर गुरुवारी बाहेरून वक्ते यायला लागले, चांगले बोलायचे, पस्तीस मिनिटं बोलायचे, आणि शेवटी घड्याळ बघून ‘आता एक जण छोटीशी प्रार्थना करा’ म्हणायचे. उपदेश रविवारीही ऐकायला मिळतो. लोक हळूहळू घरीच बसू लागले.

सात-पन्नासला वही. हिच्याबद्दल पुढे सविस्तर.

आठपासून प्रार्थना, पंचवीस मिनिटं. आधी उपकारस्तुती, मग पापाची कबुली मनातल्या मनात, मग मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागणं. शेवटी लहान मुलांच्या पुढाकाराने प्रभूची प्रार्थना आणि कृपेचा आशीर्वाद. साडेआठला उठायचं. गप्पा मारायच्या त्या चपला घालता घालता. त्याही गरजेच्या असतात, पण तासाच्या बाहेर.

वही

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा.

दोनशे पानी साधी वही घ्या. पानावर चार रकाने आखा: तारीख, कोणासाठी, काय मागायचं, काय झालं. चौथा रकाना सगळ्यांत रुंद ठेवा. आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

‘12 जून. मागच्या गल्लीतल्या आजी. सोमवारी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. भीती वाटते म्हणाल्या.’ आणि पुढच्या रकान्यात वेगळ्या शाईत: ‘19 जून. झालं. 26 जून. पट्टी सुटली, नातू काळा झालाय म्हणतात.’

त्या गुरुवारी आजी स्वतः आल्या होत्या आणि नातवाच्या रंगावर सगळी सभा हसली होती. ती उपकारस्तुतीच होती.

वही वापरायची पद्धत अशी. दर गुरुवारी नव्या विनंत्या घेण्याआधी मागच्या आठवड्याचं पान वाचायचं. प्रत्येक ओळीला ‘काय झालं?’ विचारायचं आणि जे सांगतील ते लिहायचं. बहुतेक सभांमध्ये विनंत्या घेतात, प्रार्थना करतात आणि विसरतात; पुढच्या आठवड्यात तोच माणूस तीच विनंती नव्याने सांगतो. दोन-तीनदा असं झालं की तो सांगायचं सोडतो, आणि मग यायचंही.

विनंती नेमकी घ्या. ‘माझ्या कुटुंबासाठी प्रार्थना करा’ असं कोणी म्हटलं तर हळूच विचारा, ‘कुटुंबात कोणासाठी, ताई?’ ‘मुलासाठी.’ ‘काय मागू या?’ ‘बारावीला गणितात बसलाय परत.’ हे लिहा. असं लिहिलं तरच निकालाच्या दिवशी विचारता येतं.

सगळ्या ओळींपुढे चांगलंच लिहायला मिळेल असं नाही. आमच्या वहीत एका लहान मुलीचं नाव सलग अकरा गुरुवार आहे. बाराव्या ओळीपुढे ताईने ‘गेली’ एवढंच लिहिलंय. त्या गुरुवारी कोणाला गीत सुचेना. आम्ही तेरावं स्तोत्र वाचलं, ‘किती काळ’ विचारणारं, आणि गप्प बसलो. तो रकाना रिकामा ठेवू नका आणि त्यात समजावणीही लिहू नका. त्या मुलीची आई आजही सभेला येते. मला वाटतं, ती ओळ तिथे आहे म्हणून येते.

काही वेळा वाचता वाचताच उत्तर समोर येतं. एकदा गल्लीतली डीपी जळाली, कित्येक दिवस अंधार. दोन गुरुवार विनंती आली. तिसऱ्या वेळी वही वाचताना एका मावशींनी विचारलं, ‘देवाला सांगून झालं, हापिसात अर्ज कोणी दिलाय का?’ कोणीच दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी चार जण अर्ज घेऊन गेले.

विनंतीच्या वेशातली चहाडी

वहीचा धोका इथे आहे. ‘त्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करायला हवी, ती माहेरी गेलीय म्हणे.’ ही विनंती नाही, ही बातमी आहे. आमचा नियम: स्वतःसाठी काहीही सांगा, दुसऱ्यासाठी सांगायचं तर त्याला विचारून या. दारू, कोर्टकचेरी, नवरा-बायकोचं भांडण, लग्न मोडणं, या गोष्टी वहीत नावानिशी लिहायच्या नाहीत. ‘एक बहीण’ किंवा ‘एक घर’ लिहा. देवाला पत्ता लागतो. वही एकाच घरी, बंद कपाटात. तिचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. याकोबाच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय ते खरं, पण तिथे दुसऱ्याची पापं कबूल करायला सांगितलेली नाहीत.

मोठ्याने प्रार्थना कशी करवून घ्यायची

दहापैकी सात जण म्हणतात, ‘मला प्रार्थना करता येत नाही.’ म्हणजे पाळकसाहेबांसारखी करता येत नाही. ‘हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या’ असं सुरू करून पाच मिनिटं न अडखळता बोलणं म्हणजेच प्रार्थना, असा समज आहे. हा समज काढायचा तर वही लिहिणारा, घड्याळवाला, यांनी मुद्दाम साधी, छोटी, घरच्या बोलीतली प्रार्थना करायची. आमच्याकडे बर्फ फोडला तो एका म्हाताऱ्या मायने. वर्षभर गप्प बसून होती. एका गुरुवारी कोणी न सांगता म्हणाली, ‘देवा, माझ्या म्हशीला अन् सुनेला संभाळ. आमेन.’ क्रम ऐकून सून तोंडावर पदर घेऊन हसत होती. पण त्या दिवसापासून बायका बोलायला लागल्या.

चार रीती आलटून पालटून वापरा. एक: एका वाक्याची साखळी, प्रत्येकाने एकच वाक्य, उजवीकडून डावीकडे, ज्याला बोलायचं नाही त्याने शेजाऱ्याच्या हाताला हात लावून पुढे सरकवायचं. दोन: वहीतल्या विनंत्या वाटून द्यायच्या, एकाला एक. तीन: जोडीने, दोघा-दोघांनी हळू आवाजात; लाजाळू माणसांना ही सोपी जाते. चार: एखादं स्तोत्र आळीपाळीने वाचून तेच प्रार्थना म्हणून म्हणायचं. सगळ्यांनी एकदम मोठ्याने करायची पद्धत काही मंडळ्यांमध्ये आहे. मला ती चुकीची वाटत नाही, पण पहिल्यांदा आलेला माणूस त्यात बावरतो आणि ज्याची विनंती आहे त्याला आपल्यासाठी कोण काय म्हणालं ते ऐकू येत नाही. मला तर ऐकू येणं महत्त्वाचं वाटतं.

मग लांब प्रार्थनावाले. प्रत्येक सभेत एक असतात. आमचे एक निवृत्त गुरुजी इस्राएलपासून सुरू करून अठरा-वीस मिनिटांत जालन्याला पोचायचे. त्यांना थांबवणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. शेवटी घड्याळवाल्या दादाने त्यांना घरी जाऊन सांगितलं, ‘गुरुजी, पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे राजे आणि अधिकारी, हा विषय कायमचा तुमच्याकडे. तीन मिनिटं.’ त्यांनी तो मान म्हणून घेतला. आता ते पेपर वाचून येतात आणि तहसीलदार ते राष्ट्रपती अडीच मिनिटांत आटोपतात.

मध्ये शांतता पसरली तर घाबरून गीत सुरू करू नका. पंख्याचा आवाज ऐका. अर्ध्या मिनिटाने कोणीतरी बोलतंच, आणि ते बहुधा पहिल्यांदा बोलणारं असतं.

आजार आणि पैसा

आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी जाऊन करा. पण गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे अडवा. टीबीचा कोर्स मध्येच सुटला की आजार औषधाला दाद देईनासा होतो. साप चावलेल्या माणसाला आधी गाडीत घालायचं, प्रार्थना गाडीत करायची. सर्पदंशावर उपचार घेऊ न देता मंत्र-तंत्र करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. देव बरं करतो असं मानणाऱ्यानेही दवाखान्याचं दार त्यानेच उघडलंय असं मानायला हरकत नसावी.

पैसा: सभेत थैली फिरवू नका. कोणाला मदत करायची असेल तर दोघांनी मिळून, नोंद ठेवून, सभेच्या बाहेर. इतकंच.

वर्षात कधी काय

नेहमीच्या गुरुवारांना वर्षातले काही दिवस आधार देतात. जानेवारीचा पहिला आठवडा अनेक मंडळ्या प्रार्थनासप्ताह म्हणून पाळतात. त्याचं मूळ आपल्याच देशात आहे: 1858 मध्ये लुधियानाच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली आणि जानेवारी 1860 मध्ये पहिला सप्ताह झाला. मार्चचा पहिला शुक्रवार महिलांच्या पुढाकाराने होणाऱ्या जागतिक प्रार्थना दिनाचा. दर वर्षी वेगळ्या देशातल्या बायका त्याची उपासना लिहितात. महिला मंडळाला तो पूर्ण सोपवा. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 मध्ये जे मोठं आत्मिक जागरण झालं, त्याआधी महिनोन्‌महिने बायका-मुली रोज प्रार्थनेला बसत होत्या. बायकांच्या हाती सभा दिली तर काय होतं, हे मराठी मंडळीला शंभर वर्षांपूर्वीच कळलंय.

जूनमध्ये पावसासाठी. मराठवाड्यात हा विषय वेगळा सांगायला लागत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या वहीत पानभर फक्त ‘पाऊस’ आहे. पावसाची प्रार्थना करताना छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडण्याचा पाइप कोणाकडे बसलाय तेही विचारत जा.

गाव सोडून गेलेले

बीडकडच्या, आणि आपल्याही भागातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं काय? दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती मार्च-एप्रिललाच परतते. सभेतली दोन-तीन घरं पाच-सहा महिने नसतात. आमची सभा तिसऱ्यांदा बंद पडली ती अशाच एका हिवाळ्यात. सहा घरांतली तीन गेली होती.

आता जाण्याआधीच्या गुरुवारी त्यांना मध्ये बसवून प्रार्थना करतो आणि वहीत त्यांचं पान वेगळं ठेवतो: कारखान्याचं गाव, सोबत असलेली मुलं, गरोदर बाई असेल तर तिची तारीख, फोन नंबर. गुरुवारी आठ वाजता त्यांना फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, पाच मिनिटं, जास्त नाही. त्यांना पहाटे तीन-चारला फडात जायचं असतं. रेंज नसली तर व्हॉट्सॲपवर एक मिनिटाचा आवाज पाठवायचा, ज्यात सगळे मिळून त्यांची नावं घेतात. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बसून तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, असं एका बहिणीने परत आल्यावर सांगितलं. तिथे आणखी दोन कोप्या ख्रिस्ती माणसांच्या निघाल्या, मग तेही बसू लागले.

पुन्हा बंद पडली तर

पडेल. तेव्हा मोठी सभा घेऊन ‘पुनर्प्रारंभ’ वगैरे करू नका, फ्लेक्स तर नकोच. जुनी वही काढा, शेवटचं पान उघडा, आणि त्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी जाऊन विचारा: ‘तुमचं ते राहिलं होतं, पुढे काय झालं?’ आमच्या तिन्ही वेळा सभा याच प्रश्नाने सुरू झाली. दोघे हो म्हणाले की येणारा गुरुवार पकडा.

पहिल्या दिवसाची तयारी एवढीच: सतरंजी, बायबल, तांब्या, फोनची टोपली, घड्याळ, वही. आणि पेन दोऱ्याने वहीला बांधून ठेवा. आमच्याकडे चौदा वर्षांत पेनं किती गेली त्याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी शेवटचं पेन गुरुजींच्या खिशात सापडलंय.